गोंगाट नेमका कोणाचा?

आज एका छोट्या पुस्तिकेविषयी बोलतो. कार्लो डी लुका यांनी २००२ साली लिहिलेली. कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूंची वीज कशी नोंदवायची, हा तिचा विषय. तत्त्वज्ञानाच्या मास्तराला यात काय, असं तुम्हांला वाटेल. थांबा जरा.

पुस्तिका गोंगाटाचे चार उगम सांगते: यंत्राचा स्वतःचा, आसपासच्या विजेचा, तारा आणि इलेक्ट्रोड हलल्याचा, आणि स्नायूच्या संकेतातच असलेल्या अस्थिरतेचा. माझा आक्षेप या चौथ्यावर आहे. मज्जातंतूंचे आदेश स्नायूला घड्याळाच्या तालात येत नाहीत, मागेपुढे होतात. त्यातून २० हर्ट्झखाली एक डळमळ उमटते. ती तर स्नायूचीच! आपल्या प्रश्नाला ती नको, म्हणून तिचं नाव गोंगाट. हृदयाचा आलेख काढणाऱ्याला स्नायूची थरथर नको असते, खांद्याचा काढणाऱ्याला हृदयाचे ठोके नको असतात. वीज तीच, प्रश्न वेगळा.

पण आसपासच्या विजेबाबत डी लुका पक्के आहेत. ती मूळ संकेताच्या दहापटीपासून हजारपटीपर्यंत असू शकते. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची. आणि स्नायूची बहुतेक ऊर्जा ५० ते १५० हर्ट्झमध्येच! म्हणून नॉच फिल्टर लावून ५० कापलं की स्नायूचाही तुकडा जातो. तो वापरू नका, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

आता उल्हासनगरात कॅम्प पाचला या. जीन्स शिवणाऱ्या कारागिराचा खांदा किती थकला, हे मोजायचंय समजा. थकलेल्या स्नायूची मध्यक वारंवारता खाली सरकते. मशीनच्या मोटरची घरघर आलेखात मिसळली, तर ती हा आकडा ५० कडे ओढते आणि सकाळचा ताजा खांदाही थकलेला दिसतो. मग संध्याकाळची घसरण छोटी भासते, आणि कागद म्हणतो, याला फारसं काही झालेलं नाही. (अंबरनाथ-बदलापूरकडे लोक रेल्वेच्या तारेला दोष देतील. आधी टेबलाखालची वायर बघा!)

दोन इलेक्ट्रोडांना सारखंच मिळालेलं यंत्र वजा करतं खरं, पण घामाने एक सुटला की ते सारखं राहतच नाही. म्हणून मी आधी दोन नोंदी मागेन: खांदा सैल आणि मशीन चालू, खांदा सैल आणि मशीन बंद. दोन्ही आलेख निकालाशेजारीच छापा.