कूपमंडूकाची बाजू

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात मंडूकांचे एक सबंध सूक्त आहे. आमच्या ललित लेखनात मात्र बेडूक उरला तो ‘कूपमंडूक’ या शिवीपुरता. या उपमेत निरीक्षण थोडे, अहंता फार. कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे आंबोलीस जावे. तेथील जांभ्याचे सडे म्हणजे डोंगरावरची बेटेच. पावसाळ्याच्या आरंभी सड्यावरील उथळ डबक्यांत अंडी घालणारा, कुशींवर वाघासारखे पट्टे असलेला एक भेक त्या परिसराबाहेर क्वचितच आढळतो. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जाती म्हणून नोंद केली. एका जागेला चिकटून राहणे हा त्याचा कोतेपणा नव्हे, ती त्याच्या जगण्याची अट आहे. घाटातल्या मोटारींखाली तो चिरडला जातो आणि त्याला पळून जायला दुसरे गाव नाही. उपमा योजण्यापूर्वी लेखकाने निदान एकदा डबक्यात वाकून पाहावे.