शंभर पटाची अट

‘अलबत्या गलबत्या’ नव्याने रंगमंचावर आले, वैभव मांगले यांच्या चेटकिणीने नाट्यगृहे भरली, एका दिवसात ओळीने प्रयोग लागले, आणि तेव्हापासून मराठी बालरंगभूमीला बरे दिवस आल्याचे जो तो सांगू लागला. मला हे मान्य नाही. रत्नाकर मतकरींचे हे नाटक नव्या पिढीने पाहिले याचा आनंद आहेच. पण बालरंगभूमीची प्रकृती तिकीटखिडकीवर तपासायची ठरवली, तर ज्यांच्या घरी तिकिटाला पैसे नाहीत ती मुले हिशेबात येतच नाहीत. जालना जिल्ह्यात मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात. त्या घरांतल्या मुलांच्या वाट्याला आपली रंगभूमी किती आली, हे विचारल्याशिवाय तिच्या सुगीची भाषा करू नये.

आपली बालरंगभूमी घडली ती बहुतांशी मुंबई-पुण्यात. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ उभे करून मुलांच्या नाटकाला हौशी कार्यक्रमातून बाहेर काढले, मतकरींनी त्याला कल्पनेचे पंख दिले, सुलभा देशपांडेंच्या ‘चंद्रशाले’ने शिस्त दिली. १९८६ पासून पुण्यात रुजलेल्या ‘ग्रिप्स’ नाट्यचळवळीने राजा-राक्षस बाजूला ठेवून घरातले, शाळेतले प्रश्न रंगमंचावर आणले. ही झेप मोठी होती, पण ग्रिप्समध्येही मुलांच्या भूमिका करतात मोठी माणसे. पुढचे पाऊल ठाण्यात पडले. समता विचार प्रसारक संस्थेबरोबर मतकरींनी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला आणि वस्तीतली मुले आपलेच जगणे नाटकातून मांडू लागली. गेल्या दशकभरात मराठी बालरंगभूमीवर याहून महत्त्वाचे काही घडले असे मला वाटत नाही. इथे मूल नाटकाचा विषय नसते, नाटक त्याच्या मालकीचे असते. त्याची बोली सुधारली जात नाही, तिच्यातूनच संवाद उभा राहतो. नेपथ्याला फारसे लागत नाही. लागतो तो दर आठवड्याला न चुकता येणारा, मुलांचे ऐकून घेणारा जाणता माणूस. याच्या शेजारी राज्य बालनाट्य स्पर्धा, कला उत्सव आणि फी भरून होणारी उन्हाळी शिबिरे मला दुय्यम वाटतात. स्नेहसंमेलनातला रेकॉर्ड डान्स तर कलाशिक्षणात धरूच नये.

पण ठाण्याचा प्रयोग कार्यकर्त्यांच्या निष्ठेवर चालतो, आणि तेवढ्यावर जिल्हा चालत नाही. तिथे पगार लागतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत, पण पट शंभराच्या वर असेल तरच. तांड्यावरच्या आणि वस्तीवरच्या शाळेचा पट तिथवर जातच नाही. म्हणजे जिथे घरात रंगपेटी नाही, तिथेच कायद्यानेही कलाशिक्षक नाकारला. जिथे अट पूर्ण झाली तिथेही निदेशक तुटपुंज्या मानधनावर, तुकड्यातुकड्याने नेमले गेले आणि नोकरी टिकवायला त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. शाळेला मिळणारे संयुक्त अनुदान तिसापर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, शंभरापर्यंत २५ हजार रुपये. खडू, दुरुस्ती, स्वच्छता सगळे त्यातच, मग ढोलकी कशातून घ्यायची? इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली की दहावीला ७ वाढीव गुण मिळतात. ज्या शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नाही, तिथल्या मुलाने ते कुठून आणायचे? असे बक्षीस आधीच पुढे असलेल्याला आणखी पुढे ढकलते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मुलांना धड वाचता येत नाही, आधी पायाभूत वाचन-गणिताच्या ‘निपुण भारत’ अभियानाची उद्दिष्टे गाठा, नाटक नंतर. पण तांड्यावरच्या, गोरमाटी ही बंजारा बोली बोलणाऱ्या घरातले मूल पाठ्यपुस्तकातल्या मराठीपुढे गप्प होते, ते गप्प बसणे मोडायला नाटकाइतके समर्थ साधन वर्गात दुसरे नाही. संवाद पाठ करायला तो वाचावा लागतो, आणि पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. दुसरा आक्षेप असा की, ‘खेळू, करू, शिकू’ पुस्तक आहेच, वर्गशिक्षकाने शिकवावे. दोन शिक्षकांनी चार इयत्ता, माहितीचे रकाने, निवडणुकीची कामे सांभाळायची आणि वर नाटकही बसवायचे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तिसरा आक्षेप दिसायला गोड आहे: गावात भारूड आहे, गोंधळ आहे, कला कशाला बाहेरून आणायची? एकनाथांच्या पैठणशेजारच्या या मुलखात भारूडकऱ्याला शाळेत मानाने आणि मानधनाने बोलवावेच. मात्र गोंधळ्याच्या पोराने गोंधळच घालावा असे कोणी सुचवत असेल, तर ते कलाशिक्षण नाही, जात शिकवणे आहे. त्या पोराला ब्रेख्टही मिळाला पाहिजे.

म्हणून मागणी सरळ आहे. आसपासच्या शाळांचे मिळून जे केंद्र असते, त्या प्रत्येक केंद्रावर एक पूर्णवेळ, पगारी कलाशिक्षक नेमा. केंद्रातल्या सगळ्या शाळा त्याच्या, पटाची अट नको. हे नवे नाही. इंग्लंडात कोव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने १९६५ मध्ये पगारी नट-शिक्षकांचा चमू शाळांत पाठवला, दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची संस्कार रंग टोली १९८९ पासून आहे, शेजारच्या कर्नाटकाने सरकारी माध्यमिक शाळांत नाटकाचे शिक्षक नेमले. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. तिथे शिकलेल्या मुलामुलींना मालिकांच्या आशेने मुंबई गाठण्याखेरीज गावाकडे वाट का असू नये? पगार सरकारी तिजोरीतूनच हवा. जालन्यातल्या पोलाद आणि बियाणे कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी साहित्याला, प्रवासाला, प्रयोगांच्या खर्चाला घ्यावा, पण दरवर्षी नव्याने ठरणाऱ्या देणगीवर कोणाची नोकरी टांगू नये. सुरुवात हंगामी वसतिगृहांपासून करता येईल. आईबाप फडावर गेल्यावर मागे राहिलेली मुले तिथे गळीत हंगाम संपेपर्यंत एकत्र असतात आणि संध्याकाळ मोकळी असते. त्यांच्या जेवणाची तरतूद होते तशी या संध्याकाळींसाठी एका माणसाच्या पगाराची तरतूद जिल्हा नियोजन समितीने येत्या वार्षिक आराखड्यात करावी, आणि पुढचा हंगाम सुरू होण्याआधी नेमणुका व्हाव्यात.