पदकानंतरच्या नऊ फेऱ्या

१९८४च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकसाठी अमेरिकेचा संघ निवडला जात होता. हेवीवेट गटात हेन्री टिलमनने ब्रुकलिनच्या एका पोराला लागोपाठ दोनदा गुणांवर हरवलं, संघात जागा मिळवली आणि सुवर्णपदकही आणलं. हरलेला पोरगा होता माइक टायसन. दोनच वर्षांत तो व्यावसायिक मुष्टियुद्धातला सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता झाला. १९९० साली दोघं पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा टिलमनला पहिली फेरीही पुरी करता आली नाही.

हौशी यशाला काही किंमत नसते, असं ठसवायला ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. मोहम्मद अली १९६० साली रोममध्ये जिंकला, जो फ्रेझर १९६४ साली टोकियोत, जॉर्ज फोरमन १९६८ साली मेक्सिको सिटीत. हेवीवेटच्या सोनेरी काळातले हे तिघेही पदकातूनच वर आले. १९७६ साली मॉन्ट्रियलमध्ये अमेरिकेने मुष्टियुद्धात पाच सुवर्णपदकं मिळवली, आणि त्या पाचांतले चौघे पुढे व्यावसायिक जगज्जेते झाले. राहिला तो हॉवर्ड डेव्हिस. स्पर्धेतला सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून वॅल बार्कर करंडक त्यालाच मिळाला होता, शुगर रे लिओनार्ड संघात असूनही! डेव्हिस जगज्जेतेपदासाठी तीनदा लढला आणि तीनही वेळा रिकाम्या हाताने परतला. पदकांच्या यादीवरून भाकीत करणाऱ्याने आधी हे नाव आठवावं.

असं का होतं, याचं बरंचसं उत्तर घड्याळात आहे. हौशी लढत तीन फेऱ्यांची, व्यावसायिक जगज्जेतेपदाची बारा फेऱ्यांची. नऊ मिनिटांच्या लढतीत वेगाने आत शिरायचं, दोन स्वच्छ ठोसे द्यायचे आणि निसटायचं. हे ज्याला साधलं तो राजा. बारा फेऱ्यांत तोच वेग आठव्या फेरीला पायांतून उतरतो. पोटावर आणि बरगड्यांवर बसलेल्या ठोशांचं व्याजही तेव्हाच वसूल होतं. त्यात १९८८ साली सोलमध्ये रॉय जोन्सवर उघडउघड अन्याय झाला. अंतिम लढतीत पार्क सी-हुनपेक्षा कितीतरी जास्त ठोसे मारूनही तो हरला. या गदारोळानंतर १९९२पासून ऑलिंपिकमध्ये संगणकी गुणमोजणी आली. ठरावीक क्षणात पुरेशा परीक्षकांनी बटण दाबलं तरच गुण मिळत. जवळून मारलेले अंगावरचे ठोसे तिथे जवळपास वाया जात आणि लांबून टिचकी मारल्यासारखा जॅब गुण आणत असे. मुलं तेच शिकली. २०१३मध्ये व्यावसायिकांसारखी दहा गुणांची पद्धत आली आणि पुरुषांचे हेडगार्डही गेले. आज दोन्ही खेळ एकमेकांच्या जवळ आले आहेत, पण फेऱ्या अजून तीनच आहेत.

या साऱ्याचा कस वासिल लोमाचेन्कोच्या दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत लागला. हौशी कारकिर्दीत ३९६ विजय आणि एक पराभव, बीजिंग आणि लंडनची दोन सुवर्णपदकं. एवढी शिदोरी घेऊन मार्च २०१४मध्ये तो थेट जगज्जेतेपदासाठी उतरला. समोर होता मेक्सिकोचा ओरलांडो सालिदो, डझनभर पराभव पचवलेला, पोरवयापासून पैशासाठी लढणारा. सालिदोला ठरलेलं वजनही गाठता आलं नव्हतं. रिंगमध्ये तो बिलगला, रेटला, कमरेखाली मारत राहिला, अंगाचं वजन टाकत राहिला. लोमाचेन्कोला इतकं घाणेरडं काम कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटच्या फेरीत त्याने सालिदोला जवळजवळ आडवा केला होता, पण वेळ संपली आणि निकाल विरुद्ध गेला. तीन महिन्यांनी, तिसऱ्याच लढतीत, तो जगज्जेता झाला. ३९७ लढतींनी जे शिकवलं नाही ते त्या बारा फेऱ्यांनी शिकवलं. क्यूबाचा रोबेसी रामिरेझ दोन सुवर्णपदकांचा धनी, तरी २०१९ साली पहिलीच व्यावसायिक लढत हरला. २०२३मध्ये त्याने पट्टा मिळवलाच. म्हणून मला पदकापेक्षा पदकानंतरचा पहिला पराभव आणि त्यानंतरची लढत जास्त बोलकी वाटते.

पदक एक गोष्ट मात्र नक्की देतं: बाजारभाव. सिडनी ऑलिंपिकचा सुपर हेवीवेट विजेता ऑड्ली हॅरिसन याच्याशी बीबीसीने मोठा करार केला. त्याला बेताचे प्रतिस्पर्धी मिळत गेले आणि नाव वाढत गेलं. जगज्जेतेपदाची संधी आली ती दहा वर्षांनी, २०१०मध्ये. डेव्हिड हेने त्याला तिसऱ्या फेरीत संपवलं. चीनचा झोउ शिमिंग दोन सुवर्णपदकं गळ्यात घालून तिशी उलटल्यावर व्यावसायिक झाला. त्याने जगज्जेतेपद मिळवलं, पण ते पहिल्याच बचावात गमावलं. वय हा घटक आपण फार हलक्यात घेतो.

आणि इथे मला आपल्याकडचं दुखणं दिसतं. भारतात मुष्टियोद्ध्याला पोटापाण्याची हमी मिळते ती सैन्य, पोलीस, रेल्वे यांच्या नोकरीतून, आणि नोकरी मिळते पदकातून. म्हणजे कोवळ्या वयात व्यावसायिक होणं हा हातची भाकर सोडण्याचा सौदा. विजेंदर सिंगने २००८ साली बीजिंगमध्ये कांस्य मिळवलं, हरियाणा पोलिसांत तो उपअधीक्षक झाला आणि व्यावसायिक लढतींकडे वळला तेव्हा २०१५ साल उजाडलं होतं. वय २९. त्याने सलग १२ लढती जिंकल्या, मुंबईच्या वरळीतही लढला, पण जगज्जेतेपदाच्या लढतीपर्यंत त्याला कुणी नेलं नाही. मार्च २०२१मध्ये, सव्वा वर्षाहून अधिक काळ रिंगबाहेर राहून, पणजीत मांडवीवरच्या कॅसिनो बोटीच्या गच्चीवर तो आर्तिश लोप्सानकडून पाचव्या फेरीत हरला. विकास कृष्ण २०१९मध्ये अमेरिकेत दोन व्यावसायिक लढती जिंकून टोकियो ऑलिंपिकसाठी परतला आणि तिथे पहिल्याच लढतीत बाहेर पडला. दोघांच्याही कौशल्यात खोट नव्हती. त्यांना वर्षाला चार-पाच लढती आणि पायरीपायरीने चढते प्रतिस्पर्धी देणारी घडी देशात नव्हती, आजही नाही.

म्हणून हौशी यशाने व्यावसायिक यशाचं भाकीत होतं का, याला माझं उत्तर आहे: पहिल्या आठ-दहा लढतींपुरतं होतं, आणि तेही ज्या देशात पुढची शिडी उभी आहे तिथे. त्यापुढे वय, दम आणि मार खाऊन शिकण्याची तयारी बोलते.

निशांत देव पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत हरला आणि ऑलिंपिक पदकाची वाट न पाहता जानेवारी २०२५मध्ये लास वेगासला व्यावसायिक झाला. वय २४, विजेंदरपेक्षा पाच वर्षं लवकर. तो कधी बारा फेऱ्यांच्या लढतीला उतरला, तर वाचकहो, सुरुवातीच्या टाळ्यांवरून मत बनवू नका. सातव्या फेरीपासून त्याच्या पायांकडे बघा.