‘माय ब्रदर... निखिल’ आणि हरवलेली आई

ओनीर यांचा ‘माय ब्रदर... निखिल’ हा हिंदी चित्रपट २००५ साली प्रदर्शित झाला. तो मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी डोळे पाणावले होते. या खेपेस मनात एक तक्रारही उरली.

कथा गोव्यातली. निखिल हा नावाजलेला जलतरणपटू. रक्ततपासणीत एचआयव्हीची बाधा आढळते आणि एकेक दार बंद होत जाते. संघातले स्थान जाते, आईवडील पाठ फिरवतात, सरकार त्याला एका ओसाड इमारतीत एकटे डांबते. बहीण अनामिका आणि सोबती नायजेल त्याच्या सुटकेसाठी झगडतात. माणसे आपल्यासमोर बसून आठवणी सांगत आहेत, अशा रीतीने हे सारे उलगडते. संजय सुरी आणि जुही चावला यांचा अभिनय संयत आहे. निखिल तलावात उतरतो तेव्हा बाकीचे पोहणारे पाण्याबाहेर पडतात, तो प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. निदानाचा घाव मनात नेमका कोठे बसतो, हे त्या रिकाम्या पाण्यात दिसते.

रोग कोठून आला याची चौकशी चित्रपट करीत नाही. आपल्याकडे पहिला प्रश्न तोच असतो.

येथे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. गुरुदीक्षेनंतरच्या माझ्या पहिल्या धर्मग्रामात असाच एक तरुण आजारी होता. त्याच्या जिभेवर ख्रिस्तप्रसाद ठेवताना माझी बोटे त्याच्या ओठांना लागू नयेत, याची मी दक्षता घेत असे. स्पर्शाने हा रोग होत नाही, हे मला ठाऊक होते. तिसऱ्या भेटीपासून तो न सांगता हात पुढे करू लागला. माझ्या धर्मशिक्षणाचा तो पराभव होता.

आता तक्रार. निखिलच्या कथेमागे डॉमनिक डिसोझा यांचे जीवन आहे. पर्रा गावचा हा ख्रिस्ती तरुण रक्तदान करीत असे. त्यातूनच निदान झाले. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला नेले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस कोंडले. त्याच्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज केला तो त्याची आई लुसी डिसोझा यांनी. तो सुटला, पण विलगीकरणाचा कायदा न्यायालयाने वैध ठरवला. चित्रपटातील आई मात्र पतीबरोबर गोवा सोडून जाते आणि मुलाच्या अखेरच्या दिवसांत परतते. दिग्दर्शकाला कथा बदलण्याचा अधिकार आहे. परंतु नायक निखिल कपूर झाला आणि क्रुसाखाली उभ्या राहिलेल्या मरियेची आठवण देणारी आई पडद्यावरून नाहीशी झाली. तिच्याबरोबर आपले धर्मग्रामही सुटले, आणि प्रेक्षागृहात आपण निर्धास्त बसलो.

निखिल व नायजेल यांचे नाते चित्रपट झाकीत नाही. ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांस ठाऊक आहे. आजाऱ्याच्या उशाशी कोण बसले, तेही पाहावे.

उत्तरार्ध मला उणा वाटला. सुटकेनंतर निखिल फार लवकर सावरतो. मध्यरात्रीची भीती, स्वतःच्या शरीराविषयीचा संशय, देवावरचा राग यांना पटकथेत पुरेशी जागा नाही. डॉमनिक यांनी १९९२ मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारली आणि त्याच वर्षी मे महिन्यात ते निवर्तले. त्या तीन वर्षांत एकदा मोडलेले मन पुन्हा कसे उभे राहिले, तीच खरी कथा होती.

२००४ पासून सरकारी रुग्णालयांत औषधे मोफत मिळू लागली, २०१७ साली भेदभावाविरुद्ध कायदा झाला. तरीही हे निदान झालेली माणसे आजही संध्याकाळी, अंधार पडल्यावर माझ्याकडे येतात. हा चित्रपट सभागृहात अवश्य दाखवावा. आणि दिवे लागल्यावर कोणीतरी उठून लुसीबाईंची हकीकत सांगावी.