विक्षिप्त नटाची उत्तम भूमिका कोणती?

ख्रिस्तोफर वॉकन या हॉलिवूडच्या नटाची नक्कल न केलेला हौशी नकलाकार विरळाच. वाक्याच्या मध्येच थांबायचे, थांबायचे तिथे पुढे धावायचे आणि पापणी न हलवता समोरच्याकडे पाहायचे, झाला वॉकन! या नकलांपायी त्याच्या अभिनयाचा हिशेब मात्र कोणी नीट मांडत नाही. आपल्या मंडळींत सिनेमाची आवड दांडगी, आणि अशा विषयांवर वाद घालणारे घरोघरी आहेत. म्हणून माझे मत येथे मांडते.

प्रथम त्या बोलण्याविषयी. वॉकनचा जन्म १९४३ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात झाला. वडील जर्मनीहून आलेले, आई स्कॉटलंडची. घरची बेकरी होती. इंग्रजी ही ज्यांची दुसरी भाषा, अशा माणसांत वाढल्यामुळे आपल्या बोलण्याला ही लय आली, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. आपल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. इस्राएलात आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांचे हिब्रू आठवा. शब्द सापडेपर्यंत भलत्याच ठिकाणी थांबायचे आणि सापडला की एका दमात वाक्य संपवायचे. नातवंडे हसतात, पण त्या थांबण्यात माणूस काहीतरी शोधत असतो. वॉकनच्या चांगल्या भूमिकांत हा शोध दिसतो; सुमार भूमिकांत नुसते थांबणे उरते. माझी कसोटी हीच.

बहुतेकांचे मत 'द डीअर हंटर' (१९७८) या चित्रपटाला पडते. त्यातल्या निकच्या भूमिकेसाठी त्याला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. लोकांना पिस्तुलाचा तो जीवघेणा जुगार आठवतो. माझी सारी नोकरी वॉर्डात गेली, म्हणून मला सायगावचे लष्करी इस्पितळ आठवते. डॉक्टर साधे प्रश्न विचारतो: नाव काय, आईवडील कोण. निक उत्तर द्यायला जातो आणि त्याला रडू कोसळते. जखम दुखते म्हणून न रडणारा रोगी घरच्यांचे नाव काढताच कसा कोलमडतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातला खरेपणा कळेल. परंतु त्यानंतर निक बराच काळ पडद्याआड जातो. भूमिका थोर खरी, पण अर्धी.

तरुण मंडळी 'पल्प फिक्शन' (१९९४) पुढे करतात. एकच प्रवेश, एका लहान मुलाला सांगितलेली घड्याळाची हकीकत, आणि चेहरा न बदलता गंभीराचे हास्यास्पद होते. करामत मोठी, पण ती करामतच. त्यापेक्षा 'कॅच मी इफ यू कॅन' (२००२) मधला बाप मला वरचा वाटतो. सरकारी कराच्या तगाद्याने बुडालेला हा माणूस मुलाने देऊ केलेली मोटार घेऊ शकत नाही. ऐट सांभाळतो आणि डोळे मात्र भरून येतात.

तरीही माझा कौल 'द डेड झोन' (१९८३) या चित्रपटाला. स्टीफन किंगच्या कादंबरीवरून तो डेव्हिड क्रोननबर्ग यांनी काढला. जॉनी स्मिथ हा शाळामास्तर अपघातानंतर पाच वर्षे बेशुद्ध राहतो. शुद्धीवर येतो तेव्हा ठरलेली मुलगी दुसऱ्याची झालेली असते. नर्सचा हात धरताच तिच्या घराला लागलेली आग आणि आत अडकलेली मुलगी त्याला दिसते. आमच्या धंद्याच्या दृष्टीने चित्रपटात उणे आहे. पाच वर्षे पडून राहिलेल्याचे स्नायू झडतात, सांधे आखडतात. हा भाग चित्रपट झटपट उरकतो. पण वॉकनने ते उणे आपल्या अंगाने भरून काढले आहे. काठी टेकत चालणे, खांदे आवळून घेणे, कोणी जवळ येताच जरासे मागे सरणे. पुन्हा दुखेल या भीतीने दीर्घकाळचा आजारी असाच वागतो.

कोणी म्हणेल, यात आमचा विक्षिप्त वॉकन कुठे आहे? अहो, तो आहे, पण दाबून धरलेला. म्हणूनच तळ्यावरचा बर्फ फुटून मुले बुडणार, हे ऐकायला मुलाचा बाप तयार होत नाही तेव्हा जॉनी काठी हाणतो आणि आपण खुर्चीत दचकतो. इतर चित्रपटांत त्याचे वेगळेपण पाहून मौज वाटते. येथे त्या वेगळेपणाला कारण आहे आणि त्याची किंमतही आहे. सर्वांचे भले करू जाणारा हा माणूस एकटाच राहतो.

वॉर्डात, शेजारात, आपल्या नात्यागोत्यातही चमत्कारिक म्हणून बाजूला ठेवलेली माणसे असतात. त्यांची नक्कल करणे सोपे. त्यांचे काय हरवले आहे हे दाखवणारा नट मोठा, आणि त्या कसोटीवर 'द डेड झोन' पहिला. डीअर हंटरवाल्यांनी तो एकदा पाहावा आणि मग माझ्याशी खुशाल भांडावे.