पेन्सिल बाजूला ठेवून

आनंदासाठी कथा-कादंबरी वाचण्याबद्दल बोलायचं आहे, तर आधी एक कबुली देतो. मी बरीच वर्षं मराठी शिकवतो आहे, आणि या वर्षांत निव्वळ गोडी लागली म्हणून कादंबरी वाचल्याचं मला आठवत नाही. वाचन भरपूर झालं, पण हातात कायम पेन्सिल.

लहानपणी असं नव्हतं. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आम्ही भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचायचो. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. पुढे एम.ए.ला आल्यावर कळलं की हे सगळं 'रंजनपर' असतं. आपल्या समीक्षेत हा शब्द बहुधा नाक मुरडूनच येतो. मीही तो तसाच वापरत आलो.

गेल्या पावसाळ्यात तापाने अंथरुणात होतो. उशाशी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' होती, १९५५ सालची. ती मी कितीदा शिकवली असेल! प्रादेशिक कादंबरीची वैशिष्ट्यं, कारभाऱ्याचं व्यक्तिचित्रण, दुष्काळाचं चित्रण. झाला दहा गुणांचा प्रश्न. या वेळी पेन्सिल शोधायला उठण्याइतकंही त्राण नव्हतं. म्हणून नुसती वाचली.

तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागे. हळूहळू पोरं येतात, माणसं मास्तरापाशी मन मोकळं करतात, सगळ्यांनी मिळून तालीम बांधायचं ठरतं. आता तालीम बांधली जाणार की नाही, यात मी इतका गुंतलो की औषधाची वेळ टळली. मला शेवट पाठ होता, तरीही! मग पाऊस दगा देतो, मेंढरं मरतात, वाडी ओस पडते. वर्गात हा माझा 'मुद्दा क्रमांक चार' असायचा. त्या दिवशी मात्र ओळखीच्या घरांना कुलपं लागल्यासारखं वाटलं.

इथे मला माझी चूक दिसली. माडगूळकर आधी आपल्याला त्या वाडीत रमवतात. जो रमला, त्याचंच दुष्काळात काहीतरी जातं. न रमता वाचणाऱ्याला फक्त दुष्काळाची माहिती मिळते. म्हणजे रंजन वगळून त्या शेवटाचा अर्थच लागत नाही. मग जी समीक्षा रंजनाला गौण मानते, ती या कादंबरीबद्दल नेमकं काय सांगणार?

तुम्ही म्हणाल, सर, मग पेन्सिल फेकूनच द्यायची का? नाही हो. ती दुसऱ्या वाचनाला घ्या. पहिलं वाचन तुमचं स्वतःचं असू द्या. पुस्तक आवडलं नाही, तर मिटून ठेवायचीही मुभा घ्या.

मला मात्र एक फेड करायची आहे. नवीन वर्गाला मी पहिल्या तासाला विचारायचो, "या कादंबरीचं आशयसूत्र काय?" यंदा विचारणार आहे, "कुठल्या पानावर जेवायचं विसरलात?"