‘अमळनेरचा शेअर’ : एका आख्यायिकेची भाषाचिकित्सा

खानदेशात, विशेषतः जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत, पैशाच्या गुंतवणुकीचा विषय निघाला की एक कथा हटकून सांगितली जाते. अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. गावातील काही लोकांनी त्याचे शेअर घेतले. त्या कारखान्याची पुढे ‘विप्रो’ झाली आणि शेअर जपून ठेवणारे कोट्यधीश झाले, ही ती कथा. वृत्तपत्रांनी ती वारंवार छापली आहे, आणि गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यांच्या व्याख्यानांत ती आरंभीच्या दृष्टांतासारखी वापरली जाते. कथेतील मुख्य घटना खऱ्या आहेत. तरीही खऱ्या घटनांची मांडणी करून एखादी कथा श्रोत्याला खोट्या निष्कर्षाकडे नेऊ शकते. ती मांडणी कशी होते हे पाहणे भाषाभ्यासकाचे काम होय. प्रस्तुत लेखात या कथेचा एक वाङ्मयप्रकार म्हणून, म्हणजे आधुनिक आख्यायिका म्हणून, विचार केला आहे.

१

प्रथम घटनाक्रम पाहू. ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही कंपनी २९ डिसेंबर १९४५ रोजी नोंदली गेली. तिचे संस्थापक महंमद हुसेन हाशम प्रेमजी. अमळनेर तेव्हा पूर्व खानदेश जिल्ह्यात होते. भुईमुगाचा प्रदेश, तापी खोऱ्यातील लोहमार्गाचे सान्निध्य आणि प्रताप गिरणीमुळे आधीच रुजलेले औद्योगिक वातावरण या गावाला लाभले होते. १९४६ मध्ये कंपनीचे शेअर जनतेसाठी खुले झाले. १९६६ मध्ये संस्थापकांचे निधन झाले आणि एकवीस वर्षांच्या अझीम प्रेमजी यांनी सूत्रे हाती घेतली. १९७७ मध्ये कंपनीचे नाव ‘विप्रो प्रॉडक्ट्स’ झाले आणि पुढे नुसते ‘विप्रो’ उरले. १९८० च्या सुमारास कंपनीने संगणकाच्या क्षेत्रात पाऊल टाकले. २००० मध्ये तिच्या रोख्यांची नोंदणी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात झाली.

या क्रमातील एक गोष्ट आख्यायिकेत नेहमी पुसली जाते. १९४६ मध्ये ज्याने शेअर घेतला त्याने तंत्रज्ञानात पैसा घातला नव्हता, तुपाच्या कारखान्यात घातला होता. ‘एनियाक’ हा प्रचंड विद्युत्-गणकयंत्राचा प्रयोग अमेरिकेत त्याच वर्षी जगापुढे आला. त्याची वार्ता बोरी नदीच्या काठी कोणाच्या व्यापारी हिशेबात असणे शक्यच नव्हते. तेव्हा या भागधारकाला ‘तंत्रज्ञानातील दूरदर्शी गुंतवणूकदार’ म्हणणे म्हणजे शेवट ठाऊक झाल्यावर आरंभाला नवे नाव देणे होय. वनस्पती तुपाची प्रक्रिया हेही त्या काळचे तंत्रज्ञानच होते, हे खरे. परंतु त्या तंत्रज्ञानामुळे कोणी कोट्यधीश झाल्याचे कथा सांगत नाही. डालड्याचे नाव तर मराठीत हळूहळू नकलीपणाचे विशेषण बनले.

नावाच्या इतिहासातही हेच दिसते. मूळ नावात दिशा, देश आणि वस्तू अशी तिन्ही अंगे होती. आद्याक्षरांतून घडलेल्या ‘विप्रो’त यांपैकी काहीच उरले नाही. अर्थ गळून गेल्यामुळेच हे नाव तूप, साबण, संगणक आणि संगणकसेवा अशा कोणत्याही वस्तूवर बसू शकले. वस्तू बदलली तरी नाव टिकते. नाव टिकल्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की गुंतवणूक एकच होती आणि तिची दिशा आरंभापासून ठरलेली होती.

२

आता कथेतील गणित. ते सहसा १९८० पासून मांडले जाते, आणि आकडे बरोबर असतात. शंभर रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर १९८० मध्ये हाती होता असे धरू. १९८१ आणि १९८५ मध्ये एकास एक बोनस मिळून त्याचे चार झाले. १९८६ मध्ये दर्शनी किंमत शंभरावरून दहा रुपयांवर आणल्यामुळे चाळीस झाले. १९८७, १९८९, १९९२ व १९९५ या चार वर्षांतील एकास एक बोनसने ते ६४० वर गेले. १९९७ च्या एकास दोन बोनसने १,९२० झाले. १९९९ मध्ये दर्शनी किंमत दोन रुपये झाल्यामुळे ९,६००. २००४ च्या एकास दोन बोनसने २८,८००. २००५ मध्ये ५७,६००. २०१० च्या तिनास दोन बोनसने ९६,०००. २०१७ मध्ये १,९२,०००. २०१९ च्या तिनास एक बोनसने २,५६,०००. आणि २०२४ च्या एकास एक बोनसने ५,१२,०००.

एकाचे पाच लक्ष बारा हजार! ही संख्या ऐकताच श्रोता स्तिमित होतो; पुढचा विचार तेथेच थांबतो. परंतु संख्येचे घटक वेगळे केले पाहिजेत. त्यातील पन्नासपट वाढ केवळ शेअरचे तुकडे केल्यामुळे झालेली आहे. शंभराच्या नोटेऐवजी दोन रुपयांच्या पन्नास नोटा हाती आल्या म्हणून कोणी श्रीमंत होत नाही. उरलेली १०,२४० पट वाढ बोनस शेअरांची आहे. बोनस शेअर म्हणजे कंपनीने राखून ठेवलेला नफा भांडवलाच्या खात्यावर वळवणे. ज्या दिवशी बोनस मिळतो त्या दिवशी कंपनीतील भागधारकाचा हिस्सा तिळमात्रही वाढत नाही, कारण प्रत्येकाला त्याच प्रमाणात मिळते. खरी संपत्ती निर्माण झाली ती वर्षानुवर्षे मिळवलेल्या आणि न वाटलेल्या नफ्यातून, आणि त्या नफ्याला बाजाराने दिलेल्या किमतीतून. आख्यायिका कारण बाजूला ठेवते आणि त्याची खूण मात्र मोजते.

हा गोंधळ निव्वळ अज्ञानाचा नाही. त्यात शब्दांचाही वाटा आहे. ‘बोनस’ हा शब्द सर्वसाधारण मराठी माणसाच्या कानी प्रथम आला तो गिरणीकामगाराच्या दिवाळीच्या बोनसातून. तेथे त्याचा अर्थ हातात पडणारी जादा रक्कम असा होता. तोच शब्द शेअरला लागला तेव्हा जुना अर्थ बरोबर आला. वृत्तपत्रांनी त्याचे ‘बक्षीस समभाग’ असे भाषांतर करून त्या भ्रमावर शिक्कामोर्तब केले. ज्याचे आहे त्यालाच त्याचे परत मोजून देणे याला बक्षीस म्हणता येत नाही. ‘भाग’ या शब्दाचाही असाच परिणाम होतो. ‘भाग’ आणि ‘भाग्य’ हे दोन्ही शब्द ‘भज्’ म्हणजे वाटणे या एकाच धातूपासून आले आहेत. त्यामुळे भागधारक तो भाग्यवान, ही कल्पना भाषेच्या तळाशी आधीच वसलेली आहे.

३

आख्यायिकेचे व्याकरण तिच्या गणिताहून अधिक बोलके आहे. कथा ज्या वाक्यांत सांगितली जाते त्यांचे क्रियापद प्रायः ‘होणे’ हे असते : शंभराचे लाख झाले, लाखाचे कोटी झाले. अकर्मक क्रियापदामुळे कर्ता दिसेनासा होतो. प्रत्यक्षात या घटनेला अनेक कर्ते होते. परकीय कंपन्यांनी भारतातील आपला हिस्सा कमी करावा असा आग्रह शासनाने धरला आणि ‘आयबीएम’ १९७८ मध्ये देशातून निघून गेली. त्यामुळे देशी संगणकांसाठी जागा मोकळी झाली. शासकीय खर्चाने चालणाऱ्या तंत्रशिक्षणसंस्थांनी अभियंते तयार केले. इंग्रजी राजवटीने मागे ठेवलेली इंग्रजी भाषा पुढे परदेशी कामे मिळविण्यास उपयोगी पडली. अमळनेरच्या कामगारांनी दीर्घकाळ कारखाना चालवून मूळ धंदा टिकवला. ‘झाले’ या एका क्रियापदाने हे सर्व कर्ते नाहीसे होतात आणि मंचावर शेअर व त्याचा धनी एवढेच उरतात.

दुसरी गोष्ट अर्थांची, म्हणजे मराठी व्याकरणात ज्यांना स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ म्हणतात त्यांची. कथेचा पूर्वार्ध स्वार्थात असतो : अमुकांनी शेअर घेतले, ठेवले. नंतर ती संकेतार्थात शिरते : ‘तुमच्या आजोबांनी तेव्हा शंभर शेअर घेतले असते, तर आज तुम्ही कोठे असता!’ आणि शेवटी आज्ञार्थ येतो : ‘म्हणून आज घ्या.’ संकेतार्थातून आज्ञार्थात जाणारी ही उडी हा या आख्यायिकेचा गाभा आहे. तर्कदृष्ट्या या दोन वाक्यांत काहीही संबंध नाही. ‘घेतले असते तर’ हे वाक्य एका विशिष्ट कंपनीविषयी आणि निकाल लागल्यानंतरचे आहे. ‘घ्या’ हे वाक्य निराळ्या कंपनीविषयी आणि निकालापूर्वीचे आहे. ज्या कंपन्या बुडाल्या त्यांच्या भागधारकांविषयी कोणी आख्यायिका रचत नाही, म्हणून त्या संकेतार्थात येतच नाहीत. जळगावात मूळजी जेठा यांच्या पुढाकाराने १८७० च्या दशकात उभी राहिलेली खानदेश गिरणी हेही आपल्या काळचे मोठे तांत्रिक साहस होते. आज त्या जागेवर गिरणी नाही, आणि तिच्या शेअरची कथाही नाही.

शिवाय १९८० मधील शेअर २०२४ पर्यंत एकही न विकता ठेवला असे गणित गृहीत धरते. परंतु बाजारात जेथे घेणारा आहे तेथे विकणारा असतोच. लग्न, आजार, विहीर, शिक्षण यांसाठी शेअर मोडणारा मनुष्य अविचारी नसतो. त्याच्या गरजेची वेळ निराळी असते. कथेत त्याला ‘चुकलेला’ म्हटले जाते. थांबण्याची ऐपत ही कथेत थांबण्याची बुद्धी होऊन बसते.

४

या आख्यायिकेची मुळे कोठे आहेत? खानदेशाला सल्ल्याचा अनुभव जुना आहे. १८१८ मध्ये हा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. लांब धाग्याचा कापूस लावा, हिंगणघाटी बियाणे वापरा, असा उपदेश सरकारी अधिकाऱ्यांनी येथील शेतकऱ्याला केला. लोहमार्गही त्याच सुमारास आला. भाव चढले, आणि युद्ध संपताच कोसळले. मुंबईत त्याच पैशावर उठलेली शेअरांची लाट १८६५ मध्ये फुटली. उपदेश देणाऱ्याचे काही गेले नाही; ज्याने शेतात कापूस लावला त्याला कर्ज फेडावे लागले. सल्ला एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, ही रीत वसाहतकालीन आहे, आणि ती आजही चालू आहे.

‘सल्ला’ या शब्दाचे मूळ येथे स्मरणीय आहे. तो अरबीतून आला आणि त्याच्या मूळ धातूत हित, भले हा अर्थ आहे. ‘मसलत’ही त्याच धातूची. ज्यात ऐकणाऱ्याचे हित नाही तो व्युत्पत्तीने सल्लाच नव्हे. याउलट ‘गुंतवणूक’ हा शब्द अस्सल देशी, ‘गुंतणे’ या क्रियापदापासून झालेला. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी वस्त्र नेसविण्याची कल्पना आहे, तर मराठीने त्या जागी गुंता पाहिला. पैसा गुंतला म्हणजे तो सहज मोकळा होणार नाही, ही सावधगिरी मराठी शब्दातच आहे. आख्यायिका मात्र ती झाकून टाकते.

५

तुलनेसाठी त्याच जिल्ह्यातील दुसरा उद्योग घेता येईल. भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९६३ मध्ये जळगावात व्यवसाय आरंभला, १९८० मध्ये नळ्यांचे उत्पादन सुरू केले आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन हाती घेतले. येथे तंत्रज्ञानाला मिळालेले नाव ‘ठिबकणे’ या घरगुती क्रियापदापासून बनलेले आहे. ते ऐकताच शेतकऱ्याला यंत्राचे काम कळते आणि ते होते की नाही हे बांधावर उभे राहून तपासता येते. केळीच्या बागेत उत्पन्न वाढले की नाही हे सांगण्यास त्याला सल्लागाराची गरज नाही. याच कंपनीने १९९० च्या दशकात वित्त व माहिती-तंत्रज्ञान अशा दूरच्या क्षेत्रांत विस्तार केला आणि तेथून तिला माघार घ्यावी लागली. २०१९ मध्ये ती कर्जाच्या अडचणीत सापडली, आणि २०२३ मध्ये तिचा परदेशातील सिंचनव्यवसाय दुसऱ्या कंपनीत विलीन झाला. अर्थात भागधारकाच्या दृष्टीने ही कथा चढउतारांची आहे, म्हणून ती दृष्टांत म्हणून सांगितली जात नाही. तथापि खानदेशच्या शेतावर तंत्रज्ञानाने काय केले हे विचारले, तर उत्तर या कथेत अधिक सापडते.

अमळनेरच्या कथेला शेवटी एक विपर्यस्त वळण लागले आहे. २०१३ मध्ये विप्रोने ग्राहकोपयोगी वस्तूंचा आपला धंदा वेगळा करून ‘विप्रो एंटरप्रायझेस’ या कंपनीकडे दिला, आणि ती कंपनी शेअरबाजारात नोंदलेली नाही. भागधारकांपुढे त्या वेळी पर्याय ठेवण्यात आले होते. परंतु आज जो ‘विप्रो’चा शेअर बाजारात घेतो त्याला अमळनेरच्या कारखान्यात कसलाही वाटा मिळत नाही. ‘अमळनेरचा शेअर’ या शब्दप्रयोगातील षष्ठी विभक्ती आता केवळ स्मरणाची उरली आहे.

६

हा विचार निव्वळ शब्दांचा नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे-व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी नव्वदांहून अधिक टक्के लोक तोट्यात गेले. त्यांतील किती जण अशा एखाद्या आख्यायिकेने त्या वाटेला लागले हे आकड्यांतून कळणार नाही. परंतु मोबाइलवरून शेअरांची उलाढाल करू लागलेल्या तरुण पिढीपर्यंत ‘घेतले असते तर’ हे वाक्य आज सर्वत्र पोचते, हे निर्विवाद. सल्ला देणाऱ्याने नोंदणी करावी असा नियम सेबीने २०१३ मध्ये केला. परंतु आख्यायिकेला नोंदणी लागत नाही.

म्हणून या कथेची पाठांतरे अहिराणीत आणि मराठीत, विकणाऱ्यांच्या आणि ठेवणाऱ्यांच्या, कामगारांच्या आणि दलालांच्या तोंडून गोळा होणे अगत्याचे आहे. लोककथेचा अभ्यास राजाराणीच्या गोष्टीपाशी थांबविण्याचे कारण नाही. तोवर ही कथा ऐकणाऱ्याने एक साधी कसोटी लावावी : सांगणाऱ्याने संकेतार्थ सोडून आज्ञार्थ केव्हा धरला हे पाहावे, आणि त्या आज्ञार्थामागे कोणाचा स्वार्थ आहे हे विचारावे. येथे स्वार्थ हा शब्द मात्र व्याकरणातला नव्हे.